पापणी न पडलेला फोटो

गणूतात्यांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांच्या डोक्यावर लॅपटॉप होता. माझा संगणकाचा क्लास पोलादपूरच्या एसटी स्टँडसमोर, किराणा दुकानाच्या माडीवर आहे. वरच्या वाड्यांची गाडी येऊन लागली आणि तिच्यातून एक उंच, काटकुळा म्हातारा खताच्या पिशवीत काहीतरी गुंडाळून, ते चुंबळीवर ठेवून, एका हाताने सावरत उतरला. तसाच रस्ता ओलांडून, ओझ्यासकट जिना चढून वर आला आणि दारात उभा राहून म्हणाला, "मास्तरीण तुमीच ना? जरा हात लावा, उतरायचंय."

मी हात लावला. पिशवीत जुन्या लुगड्याचं फडकं आणि फडक्यात लॅपटॉप. मुंबईतल्या मुलाच्या ऑफिसने जुना झाला म्हणून काढून टाकलेला. त्याने तो बापाला पाठवला होता, आणि त्याच्याबरोबर पाठीवर घ्यायची चांगली बॅगही दिली होती. ती का वापरत नाही, असं मी विचारलं, तर म्हणाले, "पाठीला डोळा नसतो. डोक्यावरचं वझं हललं तर मानेला कळतं." त्या दिवशी लॅपटॉप फक्त हळू चालत होता. मी साफसफाई करून दिली, आणि तात्या पुन्हा चुंबळ घालून निघून गेले. क्लासमधल्या मुली खिडकीत उभ्या राहून हसत होत्या. मीही हसले.

तात्यांनी आयुष्य मुंबईत एका कापडाच्या पेढीवर काढलं आणि निवृत्त झाल्यावर ते वाडीत परत आले. येताना कॅमेरा आणला. वाडीत कुणाची हळद असो, सत्यनारायण असो, गौरी-गणपतीला मुंबईकर आलेले असोत, तात्या हजर. फोटो काढताना "हसा" वगैरे ते म्हणत नसत. खेकसत, "पापणी पाडू नको गो! पापणी पाडू नको रे!" त्यामुळे त्यांच्या फोटोंतली माणसं डोळे वटारून बघायची. नवरीसुद्धा नवऱ्याकडे बिबट्या दिसल्यासारखी बघते आहे, असे फोटो मी त्यांच्याकडे पाहिले आहेत. मी चेष्टा केली की म्हणत, "डोळा मिटलेला फोटो मेल्यावर काढायचा. जित्या माणसाचा डोळा उघडा पायजे."

मग तो पावसाळा आला. महाडकडच्या तळीयेवर दरड कोसळली, ते नाव सगळ्यांनी ऐकलं. त्याच पावसात आमच्या तालुक्यातली तात्यांची वाडीही डोंगराखाली गेली, पण ती इतकी लहान होती की तिचं नाव फारसं कुणी विचारलं नाही. त्या दिवशी तात्या लॅपटॉप घेऊन माझ्याकडे आले होते आणि रस्ता बंद झाल्यामुळे पोलादपुरात बहिणीकडे अडकले. घर, कॅमेरा, भाऊ, भावजय, सगळं दरडीखाली गेलं. पुढे कुणी विचारलं तर लॅपटॉपकडे बोट करून एवढंच सांगायचे, "हा डबा न् मी, दोघंच बाहेर व्हतो." त्या वाक्यात वाचल्याचा आनंद कणभरही नसे. आपण कुणाला तरी फसवलं, असा सूर असे.

वाचलेल्या लोकांना रस्त्याकडेच्या पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलं. तिथे हळूहळू एक गोष्ट सगळ्यांच्या लक्षात आली. गेलेल्यांचा फोटो कुणाकडेच नव्हता. मोबाइल गेले, भिंतीही गेल्या. ज्यांचे नातेवाईक मुंबईत होते, त्यांना तिकडच्या मोबाइलमधून एखादा मिळाला. बाकीच्यांना मिळाला नाही. आणि तात्यांनी काढलेले सगळे फोटो लॅपटॉपमध्ये उतरवलेले होते; त्यांच्या त्या डब्यात आख्खी वाडी होती.

त्यानंतर ते दर काही दिवसांनी माझ्याकडे यायचे आणि एक फोटो छापून न्यायचे. एकच. मी म्हणायचे, "तात्या, सगळे एकदम काढा ना, दोन दिवसांत होईल." ते ऐकत नसत. लग्नाच्या गर्दीतून एकेक चेहरा शोधायचा, तो मोठा करायचा, शेजारच्याचा हात खांद्यावर आला असेल तर तो कापायचा की ठेवायचा यावर अर्धा दिवस घालवायचा. "मेल्या माणसाचा एकच फोटो भिंतीवर लागतो," म्हणायचे. "चुकीचा लागला तर तोच खरा होतो." हे बोलणं मला तेव्हा फार शहाणपणाचं वाटलं. आता वाटतं, दोन दिवसांत सगळे छापून टाकले असते तर बरं झालं असतं. शहाणपणाने कुणाचं काय भलं झालं?

सगळ्यात जास्त वेळ लागला तो सगुणाबाईच्या मंदीला. सगुणाबाई म्हणजे तात्यांच्या शेजारघरची विधवा. मंदी तिची एकुलती एक मुलगी, लग्नाला आलेली. मंदीचे फोटो पुष्कळ होते, पण नेमकी प्रत्येकात तिची पापणी पडलेली. आख्खी वाडी डोळे वटारून बघते आहे आणि मंदी मधोमध डोळे मिटून हसते आहे. एक फोटो चांगला आहे, तिच्या दारातला, असं तात्यांना पक्कं आठवत होतं. तो सापडेपर्यंत दुसरा द्यायचा नाही, असं त्यांनी ठरवलं. सगुणाबाई थांबली. पुढे नवीन घरं बांधून झाली, लोक शेड सोडून राहायला गेले, तरी ती जाईना. तिचं म्हणणं एकच, "नव्या घरात मंदी आधी जाईल, मंग मी. भिंतीवर ती नसताना मी चूल कशी पेटवू?" शेडच्या रांगेत शेवटी तिचं एकटीचं बिऱ्हाड राहिलं.

आणि नेमका तेव्हा लॅपटॉप उघडायचा बंद झाला. बटण दाबलं की गोल गोल फिरत राही आणि मग पडदा काळा. महाडच्या दुरुस्तीवाल्याने सांगितलं, नवा घ्या. तात्या पिशवी घेऊन माझ्या दारात आले आणि तिथेच बसले.

माझ्या क्लासमधली मशीनं जुनी. विकतची सिस्टीम त्यांना झेपत नाही, म्हणून मी त्यांच्यावर लिनक्स चालवते. ती फुकट असते, आणि पेन ड्राइव्हवर घेतली तर मशीनमध्ये काहीही न बसवता नुसती चालवून बघता येते. मी तो पेन ड्राइव्ह तात्यांच्या लॅपटॉपला लावला. थोड्या वेळाने निळसर पडदा आला, तोही मराठीत. मी आतली डिस्क उघडली, आणि फोटो. सगळेच्या सगळे. तात्यांनी चष्मा काढून पुसला, परत लावला.

"ती जुनी शिस्टम तर मेलीय ना?"

"हो."

"मंग हे कसे दिसले?"

"ही वेगळी आहे, तात्या. पेन ड्राइव्हवरून चालते आहे. पाहुणी म्हणून आली आहे."

"पाहुणी बरी हाय. घरच्यापेक्षा जास्त दाखवती."

फुकट या शब्दावर मात्र त्यांचा विश्वास बसेना. यात गोम काय, हे त्यांनी मला सतरा वेळा विचारलं. जगभरातल्या लोकांनी थोडंथोडं लिहून ती बनवली, कुणाला काही अडलं तर दुसरा येऊन दुरुस्त करतो, असं मी सांगितल्यावर त्यांचा चेहरा उजळला. "म्हंजे सावड हाय ही! आज तुमी आमच्या लावणीला, उद्या आमी तुमच्या. असं सांगा ना, मघापासून काय काय सांगताय." त्यानंतर त्यांनी गोम शोधणं सोडलं. मला वाटतं, वाडी गेल्यापासून सावडीला कुणी उरलं नव्हतं, आणि ती अशी पडद्यावर भेटली याचं त्यांना अप्रूप वाटलं.

मग ते शिकायला लागले. क्लासमध्ये पोरींच्या शेजारी बसून, एका बोटाने. काळ्या खिडकीत आज्ञा लिहायची ती त्यांना भारी आवडली, पण तिथे पासवर्ड लिहिताना पडद्यावर काहीच उमटत नाही. पहिल्यांदा ते घाबरले. "मी लिवतोय, हा घेत नाय." घेतो, फक्त दाखवत नाही, असं मी सांगितलं. विचार करून म्हणाले, "नवस बोलल्यासारखा. मनातल्या मनात." तात्यांच्या लॅपटॉपवरून माझ्या खडूस प्रिंटरला ती सिस्टीम ओळखेना, तेव्हा दोघं मिळून दुपारभर झटलो. शेवटी तो सुरू झाला, तर तात्यांनी बाहेरून गरम वडे मागवून सगळ्या क्लासला खायला घातले. वाडी गेल्यानंतर त्यांना मोठ्याने हसताना मी पाहिलं ते त्या एकाच दुपारी.

पेन ड्राइव्ह त्यांनी आपल्या नव्या घरी नेला. रोज त्यावरून चालवायचे आणि मंदीचा फोटो शोधायचे. मी बजावून सांगितलं होतं, "पाहुणी आहे तोवर ठीक. तिला कायमची बसवायची झाली तर माझ्याकडे यायचं. आधी फोटो दुसरीकडे उतरवायचे." क्लासच्या मशीनमध्ये उतरवून ठेवू, असंही म्हटलं होतं. तात्या तयार होईनात. "त्या मशीनवर पोरं खेळतात. मेलेल्यांची तोंडं खेळात नकोत." म्हणून वेगळी डिस्क आणायला मी माझ्या भावाला महाडला सांगितलं. आता आणतो, मग आणतो, करत तो राहिला.

तात्यांना धीर निघाला नाही. दर वेळी पेन ड्राइव्ह लावायचा, दर वेळी पाहुणी नव्याने येणार, आदल्या दिवशी कुठवर शोधलं तेही तिला आठवत नसणार. सगुणाबाई शेडमध्ये. पावसाआधी शेड मोडणार, असं कानावर आलेलं. वैशाखाचे दिवस होते. सकाळी तात्यांनी उरल्यासुरल्या शेताच्या तुकड्यावर राब भाजला, म्हणजे भाताचं रोप करायच्या जागेवर पालापाचोळा, शेणी पसरून ती जाळून काढली. दुपारी घरी येऊन लॅपटॉप उघडला आणि पडद्यावरचं 'स्थापित करा' दाबलं.

पुढे जे झालं ते त्यांनी मला स्वतः सांगितलं. सिस्टीमने विचारलं, आधीचं तसंच ठेवून शेजारी बसू, की डिस्क पुसून बसू? तात्यांनी विचार केला. अगदी नीट विचार केला, हेच मला सहन होत नाही. जुनी सिस्टीम मेली, तरी फोटो दिसले. म्हणजे फोटो तिच्यात नव्हते, तिच्या खाली होते. ती नुसता वर साचलेला पाला. पाला जाळायचा, खालची जमीन जागच्या जागी राहते, उलट रोप जोमाने येतं. पेढीवरून रजा काढून येऊनही जन्मभर दर वर्षी त्यांनी हेच केलं होतं, आणि जमीन एकदाही जळाली नव्हती.

"राब भाजल्याबिगर रोप धरत नाय ना, मास्तरीण?" त्यांनी मला विचारलं.



ते आले तेव्हा वझं डोक्यावर नव्हतं. लॅपटॉप त्या चांगल्या बॅगेत, पाठीवर होता.  "चालतोय," ते म्हणाले. "झकास चालतोय. बघा." आणि खरंच, बटण दाबताच लॅपटॉप असा उघडला की क्लासमधल्या कुठल्याही मशीनने मान खाली घालावी. 'चित्रे' नावाचा फोल्डर होता. तो रिकामा होता.

मी हाताशी होते ते सगळे उपाय केले. पुसलेलं परत शोधणारी साधनंही त्या फुकटच्या सिस्टीममध्येच असतात, तीही लावून पाहिली. पण ती डिस्क नव्या, वेगवान प्रकारची होती. एकदा पुसलं की ती काही धरून ठेवत नाही. तरी शोध संपला तेव्हा खूप चित्रं सापडल्याचं पडद्यावर आलं आणि तात्या खुर्चीवरून उठून उभेच राहिले. मी ती उघडली. बटणांची चित्रं होती, बाणांची होती, कचऱ्याच्या टोपलीचं होतं. आणि सिस्टीमबरोबर येणारा एक मोठा फोटो, कुठल्यातरी परदेशातला हिरवागार डोंगर, ढगात बुडालेला. तात्यांनी तो बराच वेळ पाहिला. मग हात लांब करून त्यांनी स्वतःच लॅपटॉप मिटला.

मुंबईत एकाला दाखवलं, पुण्यात एकाला फोन केला. दोघांनीही तेच सांगितलं. महाडहून डिस्क आली ती त्यानंतर. ती अजून खोक्यातच आहे. मी बजावलं होतं, हे खरं आहे. पण आपलं म्हणणं बरोबर होतं, याचा त्या दिवसाइतका उबग मला आयुष्यात कधी आला नाही.

तात्या घरोघर गेले. ज्यांचे फोटो देऊन झाले होते त्यांना सोडून, राहिलेल्या प्रत्येक दारात. सगुणाबाईकडे जाताना मला बरोबर घेतलं. शेडच्या दारात उभे राहून, आत न जाता, सरळ सांगितलं, "सगुणे, माझ्या हातनं मंदी पुसली गेली." मला वाटलं, ही आता कपाळ बडवून घेईल, नाहीतर शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती भांडं घासत होती, ते तिने नीट विसळून पालथं घातलं. "आत या," म्हणाली. मग, "तो दारातला फोटो सापडला व्हता का?"

"सापडला व्हता. त्याच सकाळी." त्या सकाळी तात्या राब भाजत होते, हे मला ठाऊक होतं.

"कशी उभी व्हती?"

आणि तात्या सांगू लागले. दाराच्या चौकटीला टेकून, एक पाय उंबऱ्यावर, वेणी पुढे घेतलेली, डोळे उघडे. अगदी उघडे. सगुणाबाई ऐकत होती. तात्यांचं बोलणं संपलं तेव्हा म्हणाली, "परत येशील तवा परत सांग."

ती दुसऱ्याच आठवड्यात नव्या घरात गेली. शेड मोडायला माणसं आली होती, दुसरा मार्गच नव्हता.

तेव्हापासून तात्यांचा तो नेमच झाला. लॅपटॉपला त्यांनी पुन्हा हात लावला नाही. कुणाच्याही घरी जायचं, जमिनीवर बसायचं, आणि त्या घरातल्या माणसाचा फोटो सांगायचा. लोक म्हणायचे, "तात्या, सांगा." चहा ठेवायचे. बाहेरच्या कुणाला हे सुंदर वाटेल. मला वाटायचं नाही. एका म्हाताऱ्याला रोज आपल्या चुकीचं वाचन करायला लावल्यासारखं वाटायचं. आणि मला दिसत होतं की तात्या विसरायला लागले आहेत. रस्ता विसरायचे, माझं नाव विसरायचे. एका घरी त्यांनी सुनेचं वर्णन केलं, पिवळी साडी, तोरणाखाली उभी, हातात आरतीचं ताट. पुढच्या घरी म्हातारीचं केलं, पिवळी साडी, तोरणाखाली, आरतीचं ताट. मी शेजारी बसले होते. घरच्यांनी चहा पुढे केला.

सगुणाबाईकडे गेलो तेव्हा मंदीही पिवळ्या साडीत होती. चौकट गेली होती, वेणी गेली होती, उंबऱ्यावरचा पाय गेला होता. फक्त डोळे उघडे होते. तात्या हात धुवायला मागे गेले तेव्हा मी हळूच म्हटलं, "सगुणाबाई, ते आता..."

"ठाव हाय," ती म्हणाली. "माझी मंदी साडी नेसतच नव्हती गो. डरेसवर असायची."

"मग सांगत का नाही त्यांना?"

"कशापायी? बाकी समदी माझ्यासमोर तिचं नाव टाळतात. हा घेतो."

पुढच्या पावसाआधी मुलगा आला आणि तात्यांना मुंबईला घेऊन गेला. एसटीत बसताना त्यांनी मला ओळखलं नाही, पण खिडकीतून हात बाहेर काढून सगळ्यांना केला तसा मलाही नमस्कार केला. तिकडे त्यांना वाडी कुठली, हेही आठवेना झालं, असं मुलगा फोनवर सांगायचा. मग एक दिवस तात्या गेल्याचा फोन आला.

मी सांगायला सगुणाबाईकडे गेले. दुपारची वेळ, ती दारात सूप घेऊन तांदूळ निवडत बसली होती. तिला आधीच कळलं होतं. मी बसले. जे इतके दिवस विचारायचं राहिलं होतं ते विचारलं, "तुम्हाला त्यांचा राग नाही आला कधी?"

"आला ना. त्या पहिल्या दिवशी आला व्हता. रात्रभर दात खाल्ले. पण रागावून मंदी येणार व्हती का?"

तिने सुपातला एक खडा उचलून बाजूला टाकला.  मग सूप खाली ठेवून म्हणाली,

"खोटं तर खोटं, पण येऊन सांगायचा. आता खोटं सांगायला पण कोण नाय गो."